पक्षाघाताची पूर्वसूचना आणि आपली दिरंगाई

मनुष्यदेहावर चालून येणाऱ्या बहुतेक व्याधी एकदा आल्या म्हणजे काही काळ तरी ठाण मांडून बसतात, आणि त्यांच्या त्या मुक्कामामुळेच रोगी वैद्याचे दार ठोठावतो. परंतु पक्षाघात ही व्याधी अशी आहे की, ती पुष्कळदा खरोखर येण्यापूर्वी काही मिनिटांपुरती येऊन जाते, हाताची बोटे बधिर करते, ओठाचा एक कोपरा खाली ओढते, जिभेवर आलेला शब्द अडवून धरते किंवा एका डोळ्यापुढे पडदा सोडते, आणि घरातल्या माणसांनी काही तजवीज करण्याच्या आत सारे पूर्ववत करून निघून जाते. या ओसरून जाणाऱ्या लक्षणांकडे मनुष्याने निरनिराळ्या काळी कोणत्या दृष्टीने पाहिले, हा वैद्यकाच्या इतिहासातील एक उद्बोधक भाग आहे. कारण ज्या काळी त्या सूचनेचा अर्थ वैद्यांना थोडाफार उमगला होता त्या काळी त्यांच्या हाती इलाज नव्हता, आणि आज इलाज हाती असता सूचना मिळालेला मनुष्यच वैद्याकडे जावयास निघत नाही.

आपल्या प्राचीन वैद्यकात ही व्याधी वातव्याधींच्या प्रकरणात येते. प्रकुपित झालेला वायू शरीराची उजवी किंवा डावी बाजू ग्रासून शिरा व स्नायू शुष्क करतो, त्या बाजूची हालचाल हरपते, वेदना होतात आणि वाणी अडखळते, असे वर्णन चरकसंहितेच्या चिकित्सास्थानातील 28 व्या अध्यायात आहे. सुश्रुताने साध्यासाध्यतेचा विचार अधिक काटेकोरपणे केला असून, केवळ वायूमुळे झालेला पक्षाघात अत्यंत कष्टसाध्य, अन्य दोषांचा संसर्ग असलेला साध्य, आणि धातुक्षयामुळे ओढवलेला असाध्य, अशी त्रिविध व्यवस्था त्याने लावून दिली आहे. स्नेहन, स्वेदन आणि विरेचन ही जी चिकित्सा सांगितली गेली, ती व्याधी येऊन बसल्यानंतरची होय. ग्रीक वैद्यकाची स्थितीही याहून निराळी नव्हती. तीव्र आघात बरा करणे अशक्य आणि सौम्य आघात बरा करणे सोपे नाही, असा स्पष्ट अभिप्राय हिपोक्रॅटिसच्या सूत्रसंग्रहात नोंदलेला असून, चाळीस ते साठ या वयात ही व्याधी विशेषेकरून गाठते हेही तेथे सांगितले आहे. आणि त्याच परंपरेतील ग्रंथांत, पूर्वी कधी न आलेली अंगाची बधिरता हे येऊ घातलेल्या आघाताचे चिन्ह समजावे, असाही निर्देश सापडतो. म्हणजे पूर्वसूचनेची ओळख दोन हजार वर्षांहून जुनी आहे. मात्र ती ओळख वैद्याला भविष्य सांगण्यापुरती उपयोगी पडे. ते भविष्य टाळण्याचा मार्ग तिच्यातून निघत नसे.

जेथे शास्त्राचाच हात आखडलेला, तेथे लोकाचार आपली व्यवस्था आपणच लावून घेतो. महाराष्ट्रात कोणाच्या अंगावरून वारे गेले, की गरम तेलाने अंग रगडावे, महानारायण तेल मिळाल्यास उत्तम, घराची दारे-खिडक्या लावून रोग्यास वाऱ्यापासून जपावे, पारव्याचे रक्त लुळ्या अंगाला चोळावे, आणि एवढ्यानेही गुण न आल्यास देवऋषीस कौल विचारावा, असा क्रम खेडोपाडी पिढ्यानपिढ्या चालत आला. या उपचारांना हसणे सोपे आहे. परंतु ज्या काळी मोठ्या शहरातील नामांकित डॉक्टरापाशीही शुश्रूषेवाचून देण्यासारखे काही नव्हते, त्या काळी घरी थांबण्यात रोग्याचे नुकसान फारसे होत नव्हते, ही गोष्टही ध्यानात घेतली पाहिजे. त्या थांबण्याला त्या परिस्थितीचे समर्थन होते. पुढे परिस्थिती पालटली, आणि थांबणे मात्र तसेच राहिले.

व्याधीचे मूळ वायूत नसून मेंदूच्या रक्तवाहिन्यांत आहे, हे दाखवून देण्याचा मान ऱ्हाइन नदीकाठच्या शाफहाउसेन या स्विस नगराचा वैद्य योहान याकोब वेप्फर याच्याकडे जातो. या आघाताने मरण पावलेल्यांच्या शवांचे विच्छेदन करून त्याने 1658 साली आपला ग्रंथ प्रसिद्ध केला, आणि मेंदूत रक्तस्राव झाल्याने किंवा मेंदूकडे जाणारा रक्तप्रवाह अडल्याने मनुष्य असा कोसळतो, हे त्यात प्रतिपादन केले. पुढे सहाच वर्षांनी, 1664 मध्ये, इंग्लंडात टॉमस विलिस याने मेंदूच्या तळाशी धमन्यांचे जे वलय असते त्याचे साग्र वर्णन केले, आणि त्याच्या ग्रंथातील आकृत्या पुढे वास्तुशिल्पज्ञ म्हणून कीर्ती पावलेल्या क्रिस्टोफर रेन याच्या साहाय्याने तयार झाल्या. एका मनुष्याच्या गळ्यातील एक मुख्य धमनी पूर्णपणे बंद झालेली असताही त्याला हयातीत पक्षाघात झाला नव्हता, कारण दुसऱ्या वाटांनी आलेले रक्त त्या वलयातून मेंदूच्या उपाशी भागास पोहोचत होते, हे निरीक्षणही विलिसचेच. लक्षणे येऊन ओसरतात कशी, या प्रश्नाची एक किल्ली या निरीक्षणात होती. परंतु तिच्याकडे लक्ष जावयास पुढील तीन शतके लागली.

मधल्या काळात उपचार म्हणून जे काही झाले ते मुख्यतः रक्त काढणे, रेच देणे आणि कातडीवर फोड उठवणे एवढेच होते. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास बर्लिनच्या रुडोल्फ फिरखो याने रक्ताची गुठळी रक्तवाहिनीत कशी बनते आणि एका जागची गुठळी प्रवाहाबरोबर वाहत जाऊन दुसऱ्या जागी कशी अडकते, हे सिद्ध केले. तथापि या ज्ञानाचा रोग्यास तूर्त लाभ नव्हता. 1868 साली लुई पाश्चर यास वयाच्या 45 व्या वर्षी पक्षाघाताने गाठले आणि त्याची डावी बाजू कायमची दुबळी झाली, तरी रेबीजवरील लशीचे कार्य त्याने त्यानंतरच सिद्धीस नेले. आपल्याकडे 1888 च्या मे महिन्यात मुंबईच्या जनतेने जोतीराव फुले यांना महात्मा ही पदवी अर्पण केली, आणि त्यानंतर थोड्याच आठवड्यांत अर्धांगवायूने त्यांची उजवी बाजू लुळी पडली. त्यांचे स्नेही डॉ. विश्राम रामजी घोले यांनी उपचारांत कसूर केली नाही. परंतु त्या काळच्या उपचारांची मर्यादा त्यांनाही ओलांडता येण्यासारखी नव्हती. लिहिता हात गेला तेव्हा जोतीरावांनी डाव्या हाताने लेखणी धरून ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक’ पूर्ण केले, मामा परमानंदांनी त्यांच्या साहाय्यासाठी बडोद्याच्या सयाजीराव महाराजांस पत्र लिहिले, आणि 28 नोव्हेंबर 1890 रोजी जोतीरावांचे देहावसान झाल्यानंतर पुढील वर्षी तो ग्रंथ प्रसिद्ध झाला. पाश्चर आणि फुले यांच्या चरित्रांतील ही प्रकरणे मनोधैर्याची म्हणून वाचली जातात आणि ती तशी आहेतही. वैद्यकाच्या दफ्तरात मात्र त्यांची नोंद असहायतेची म्हणूनच होईल.

विसाव्या शतकात हीच व्याधी राज्यकर्त्यांच्या निवासांत शिरली, आणि सत्ता, वैभव व राजवैद्य यांपैकी काहीही तिच्यापुढे टिकत नाही हे जगाच्या प्रत्ययास आले. अमेरिकेचे अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांची तपासणी 1944 च्या मार्च महिन्यात हॉवर्ड ब्रुएन या हृदयरोगतज्ज्ञाने केली तेव्हा त्यांचा रक्तदाब 186 वर 108 असा भरला. म्हणजे सूचना मिळाली होती, पण रक्तदाब उतरवणारे परिणामकारक औषधच त्या काळी उपलब्ध नव्हते. 12 एप्रिल 1945 रोजी वॉर्म स्प्रिंग्ज येथे मस्तकाच्या मागील भागी असह्य वेदना होत असल्याचे सांगून ते कोसळले तेव्हा हाच दाब 300 वर 190 इतका चढला होता, आणि त्याच दिवशी त्यांचे निधन झाले. विन्स्टन चर्चिल यांना 1949 च्या ऑगस्टमध्ये फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर विश्रांती घेत असता सौम्य झटका आला आणि तो ओसरला. पुढे 23 जून 1953 रोजी इटलीच्या पंतप्रधानांच्या सन्मानार्थ दिलेल्या भोजनप्रसंगी मोठा आघात झाला, तेव्हा वृत्तपत्रांच्या मालकांशी मसलत करून ही बातमी लोकांपासून दडवण्यात आली.

या सर्वांत विलक्षण हकीकत जोसेफ स्टालिनची होय. 1953 च्या प्रारंभी त्याच्याच राजवटीने मॉस्कोतील नामवंत डॉक्टरांवर कटाचा आरोप ठेवला होता, आणि त्याला विश्रांतीचा सल्ला देणारा त्याचा स्वतःचा वैद्य विनोग्रादोव्हही कैदेत होता. 1 मार्च रोजी दिवसभर स्टालिन खोलीबाहेर आला नाही, तरी हुकमावाचून आत जाण्याचे धैर्य पहारेकऱ्यांस झाले नाही. रात्री टपाल घेऊन कोणी आत गेला तेव्हा तो जमिनीवर पडलेला आढळला, त्यानंतरही वरिष्ठांस विचारण्यात रात्र गेली, आणि डॉक्टर पोहोचले ते दुसऱ्या दिवशी सकाळी. 5 मार्चला तो मरण पावला. त्या काळच्या वैद्यकाने त्याला वाचवले असते असे म्हणता येत नाही. परंतु घरातील प्रमुख पुरुष बोलत नाही, त्याच्या खोलीत कोणी जावे आणि डॉक्टरास कोणी बोलवावे याचा निर्णय होत नाही, आणि एवढ्यात रात्र उलटते, हा प्रकार पाहण्यासाठी मॉस्कोपर्यंत जाण्याची आवश्यकता नाही.

पूर्वसूचनेचा खरा अर्थ उलगडला तो कॅनडातील माँट्रिऑल नगरात. चार्ल्स मिलर फिशर हा डॉक्टर दुसऱ्या महायुद्धात जर्मनांच्या बंदिवासात सुमारे साडेतीन वर्षे काढून परतला होता आणि निवृत्त सैनिकांच्या रुग्णालयात काम करीत होता. अर्धे अंग लुळे पडलेल्या एका रोग्याने बोलण्याच्या ओघात त्याला सांगितले की, हे होण्यापूर्वी आपला एक डोळा अधूनमधून काही वेळ आंधळा होत असे. आणि तो डोळा लुळ्या अंगाच्या विरुद्ध बाजूचा होता. रोग्याची गफलत होत असावी असे मानून ती गोष्ट सोडून देणे सोपे होते, पण फिशरने ती सोडली नाही. एका बाजूच्या डोळ्याला आणि त्याच बाजूच्या मेंदूला रक्त पुरवणारी वाहिनी गळ्यातून वर जाणारी एकच धमनी आहे, हे ध्यानी घेऊन, शवविच्छेदनाच्या वेळी सहसा कोणी ज्या भागाकडे पाहत नसे तो मानेचा भाग त्याने तपासला, आणि कॅरोटिड या नावाने डॉक्टर जिला ओळखतात ती धमनी तेथे बंद झालेली त्याला आढळली. 1951 साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात त्याने ही उपपत्ती मांडली, आणि बंद पडलेला हा मार्ग शस्त्रक्रियेने एक दिवस पुन्हा मोकळा करता येईल अशी आशाही व्यक्त केली.

तो दिवस फार दूर नव्हता. लंडनच्या सेंट मेरीज रुग्णालयात 66 वर्षांची एक गृहिणी आली. तिला काही महिन्यांत 33 वेळा असे झटके येऊन गेले होते, आणि दर वेळी हात, वाचा वा दृष्टी काही काळ जाऊन परत आली होती. 19 मे 1954 रोजी ईस्टकॉट, पिकरिंग आणि रॉब यांच्या पथकाने तिच्या गळ्यातील धमनीचा रोगट भाग काढून टाकून उरलेली टोके जोडली, आणि झटके थांबले. मोठा पक्षाघात होण्यापूर्वीच, केवळ सूचनेच्या आधारे, त्याची वाट अडवता येते, हे या शस्त्रक्रियेने दाखवून दिले. त्यापूर्वी 1927 मध्ये लिस्बनच्या एगास मोनिझने मेंदूच्या धमन्यांचे क्ष-किरण चित्र घेण्याची रीत शोधून काढली होतीच. पुढे 1 ऑक्टोबर 1971 रोजी विम्बल्डनच्या ॲटकिन्सन मॉर्लीज रुग्णालयात गॉडफ्रे हाउन्सफील्डच्या यंत्राने पहिल्या रोग्याच्या मेंदूचे सीटी स्कॅन घेतले गेले, आणि आत रक्तस्राव झाला आहे की गुठळी अडकली आहे, हा आजवर मरणोत्तरच सुटणारा प्रश्न जिवंतपणी काही मिनिटांत सुटू लागला. 1978 साली हेन्री बार्नेट यांच्या नेतृत्वाखाली कॅनडातील 585 रोग्यांवर झालेल्या परीक्षणात, अशा झटक्यांनंतर घेतलेल्या ॲस्पिरिनने पक्षाघात आणि मृत्यू यांचे प्रमाण सुमारे तिसऱ्या हिश्श्याने घटते असे दिसून आले. आणि 1991 मध्ये बार्नेट यांच्याच दुसऱ्या परीक्षणाने, धमनी 70 टक्के वा अधिक अरुंद झालेल्या रोग्यांत दोन वर्षांत त्या बाजूचा पक्षाघात होण्याचे प्रमाण शस्त्रक्रियेमुळे 26 टक्क्यांवरून 9 टक्क्यांवर येते, हे सिद्ध केले.

आघात प्रत्यक्ष झाल्यावरही काही करता येते, हे सिद्ध होण्यास 1995 साल उजाडावे लागले. त्या वर्षाच्या डिसेंबरात अमेरिकेतील 624 रोग्यांवरील परीक्षणाचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला: गुठळी विरघळवणारे औषध लक्षणे सुरू झाल्यापासून तीन तासांच्या आत शिरेतून दिल्यास, तीन महिन्यांनंतर रोगी जवळजवळ निर्व्यंग असण्याचा संभव निदान 30 टक्क्यांनी वाढतो. ही मुदत 2008 मध्ये साडेचार तासांपर्यंत वाढली, आणि 2015 पासून जांघेतून नळी सरकवून मेंदूतील मोठी गुठळी ओढून काढण्याचा उपायही निर्विवाद ठरला. परंतु हेच औषध रक्तस्राव झालेल्या रोग्यास दिल्यास घातक, म्हणून सीटी स्कॅन आधी. आणि मुदत उलटल्यावर ते देण्यात धोकाच अधिक, म्हणून लक्षणे नेमकी केव्हा सुरू झाली हे सांगणारा नातेवाईक सोबत हवा. वैद्यकाच्या इतिहासात घड्याळाला इतके महत्त्व क्वचितच आले असेल.

तरीही ओसरलेल्या लक्षणांच्या बाबतीत दिरंगाई चालूच होती, आणि ती केवळ रोग्यांची नव्हती. कॅलिफोर्नियात अशा झटक्यासाठी रुग्णालयाच्या तातडी विभागात आलेल्या 1707 रोग्यांची पाहणी 2000 साली प्रसिद्ध झाली. तीत नव्वद दिवसांच्या आत दहांपैकी एकाहून थोड्या अधिक रोग्यांना पक्षाघात झाल्याचे आढळले, आणि त्यांतील निम्म्यांना तो पहिल्या दोन दिवसांतच झाला होता. इंग्लंडातील रीत मात्र अशी की, रोग्याने आपल्या नेहमीच्या डॉक्टरास भेटावे, त्याने विशेषज्ञाकडे चिठ्ठी पाठवावी, विशेषज्ञाने वेळ नेमून द्यावी, आणि त्याने सुचवलेली औषधे पुन्हा नेहमीच्या डॉक्टराने लिहून द्यावीत. सरकारी कचेरीतील एखाद्या अर्जाप्रमाणे या टेबलावरून त्या टेबलावर जाणारे हे प्रकरण पहिल्या गोळीपर्यंत पोहोचेतो मध्यमानाने वीस दिवस उलटत. ऑक्सफर्डच्या पीटर रॉथवेल यांनी 2004 च्या ऑक्टोबरपासून ही साखळी तोडली: वेळ नेमून घेण्याचे कारण नाही, रोग्याने थेट यावे, आणि औषध तेथल्या तेथे सुरू व्हावे. औषधे तीच, डॉक्टर तेच, गाव तेच. केवळ वीस दिवसांचा एक दिवस झाला, आणि नव्वद दिवसांतील पुन्हा होणाऱ्या पक्षाघाताचे प्रमाण 10.3 टक्क्यांवरून 2.1 टक्क्यांवर आले. पॅरिसमध्ये पिएर अमारेंको यांनी 2003 पासून अहोरात्र उघड्या ठेवलेल्या चिकित्सालयाचा अनुभवही असाच आला. 2007 साली प्रसिद्ध झालेल्या या दोन अहवालांत नवे औषध एकही नव्हते. त्यांनी केवळ विलंबाचा हिशेब मांडला.

भारतात मज्जाविकारशास्त्राचा स्वतंत्र विचार स्वातंत्र्यानंतरचा. 1949 मध्ये वेल्लोर येथे जेकब चांडी यांनी मेंदूच्या शस्त्रक्रियेचा विभाग सुरू केला, आणि 1951 मध्ये त्यांनी बी. राममूर्ती, बलदेव सिंग व नरसिंहन यांच्यासह न्यूरॉलॉजिकल सोसायटी ऑफ इंडिया ही संस्था स्थापन केली. 1964 च्या जानेवारीत भुवनेश्वरच्या काँग्रेस अधिवेशनात पंडित नेहरूंना पक्षाघाताचा आघात झाला, तेव्हा देशाच्या पंतप्रधानांस विश्रांतीखेरीज फारसे काही देता येत नव्हते. आज मुंबई, पुणे, नागपूर, छत्रपती संभाजीनगर अशा नगरांतील सुसज्ज रुग्णालयांत सामान्य रोग्यासही गुठळी विरघळवणारे औषध मिळू शकते, आणि 2014 पासून 108 क्रमांकावर बोलावता येणारी रुग्णवाहिका राज्यभर तैनात आहे. विशेषज्ञ शहरांत आणि रोगी गावात, ही अडचण खरी आहे, औषधाची किंमत ही अडचण खरी आहे, आणि त्यांचा बंदोबस्त करणे हे शासनाचे कर्तव्य आहे. परंतु घरातल्या घरात जो वेळ जातो त्याची जबाबदारी शासनावर टाकता येणार नाही. ‘पित्त झाले असेल’, ‘हातावर निजल्याने मुंग्या आल्या असतील’, ‘आता बरे वाटते ना, मग उद्या पाहू’, ‘मुलगा पुण्याहून आला म्हणजे ठरवू’, ही वाक्ये ज्या घरांत उच्चारली जातात ती घरे अशिक्षितांची असतात असेही नाही. पूर्वीच्या पिढ्या इलाज नव्हता म्हणून थांबत. आपण थांबतो ते जुनी वहिवाट मोडवत नाही म्हणून, आणि या थांबण्याला आता कोणतेही समर्थन उरलेले नाही.

यासाठी वाचकांस एवढीच विनंती आहे की, घरातील कोणाचाही चेहरा एकाएकी एका बाजूस ओघळला, एक हात वा पाय बळ सोडू लागला, बोलणे अडखळले किंवा असंबद्ध झाले, एका डोळ्यापुढे अंधारी आली, किंवा तोल अकस्मात जाऊ लागला, तर प्रथम घड्याळात पाहून ती वेळ टिपून ठेवावी. तेल, काढा, अन्न, पाणी वा घरातील कोणतीही गोळी, ॲस्पिरिनसुद्धा, रोग्यास देऊ नये. 108 वर कळवून, जेथे सीटी स्कॅनची आणि मज्जाविकारतज्ज्ञाची सोय आहे अशा जवळच्या रुग्णालयात त्याला तत्काळ न्यावे. आणि वाटेत सर्व लक्षणे नाहीशी झाली, रोगी हसून बोलू लागला, आता परत फिरू या असे स्वतः म्हणू लागला, तरी गाडी माघारी वळवू नये.